एका चिमणीवर दोन बॉयलर

मी त्याच्या हेल्मेटवर पाना मारला होता. हे मी पहिल्या जबाबात सांगितलं नाही, बायकोला सांगितलं नाही, म्हणून इथे सगळ्यात आधी लिहितो. हाताएवढा लांब लोखंडी पाना. "ऐकू येत नाही का?" एवढंच विचारण्यासाठी मारतात तसा. आमच्या धंद्यात असे फटके रोज पडतात आणि हेल्मेटवर बसलेला फटका कोणी फटका धरत नाही. तो फटका बसल्यावर त्याने भट्टीचं दार उघडलं आणि आतली आग त्याच्या तोंडावर आली.

मी सिंगापूरमध्ये सतरा वर्षं बॉयलर बसवण्याचं काम केलं. "तिथे बारा महिने घाम गाळता, वर बॉयलर कशाला?" असं गावाकडचे विचारतात. पण हॉटेलांच्या चादरी, हॉस्पिटलांचे गाऊन, नूडल्स, टोफू, सगळ्यांना वाफ लागते. ज्या लाँड्रीत हे घडलं ती जुरोंगच्या पलीकडच्या कारखान्यांच्या वस्तीत होती. नोव्हेनाकडच्या दवाखान्यांचे कपडे रोज ट्रकने तिथे यायचे. तिथे डिझेलवर चालणारा जुना बॉयलर होता. आजूबाजूच्या गोदामांत तुटक्या लाकडी पॅलेटचे ढीग पडायचे, ते जाळता यावेत म्हणून मालकांनी जुन्याच्या शेजारी लाकडावर चालणारा नवा बॉयलर बसवायचं ठरवलं. जुना काढायचा नव्हता. लाकूड ओलं निघालं, नवा दुरुस्तीला काढला, तर वाफ जुन्याने द्यायची. काम माझ्याकडे आलं.

माझ्याबरोबर तो होता. बांगलादेशचा, तिशीतला, वर्क परमिटवर आलेला फिटर. सहा वर्षं माझ्या हाताखाली. सिनेमे बघून हिंदी शिकला होता, मला "बॉस" म्हणायचा. वेल्डिंग इतकं सुरेख करायचा की त्याच्या शिवणीवरून बोट फिरवावंसं वाटे. ते मी त्याला कधी सांगितलं नाही.

महिनाभर आम्ही त्या खोलीला नुसतं मारत होतो. नवा बॉयलर आत घ्यायला भिंत फोडली; ब्रेकरने दात हलायचे, सिमेंट थुंकीत यायचं. वाफेच्या जुन्या पाइपाचे बोल्ट गंजून एकजीव झालेले, ते घणाने तोडले. एकदा साखळी सुटली आणि नऊ टनांचा बॉयलर वीतभर सरकला. मध्ये असलेली कपड्यांची ट्रॉली पापडासारखी चपटी झाली. दोन सेकंद आधी तिथे त्याचा पाय होता. मी त्याला शिव्या दिल्या, साखळी मीच बांधली होती तरी. घण चुकून त्याच्या अंगठ्यावर बसला तेव्हाही शिव्याच दिल्या. काळं पडलेलं नख त्याने आठवड्याने सोलून काढलं, मला दाखवलं आणि हसत म्हणाला, "बॉस, ये भी स्क्रॅप में डालूँ?"

आता माझ्या वडिलांबद्दल सांगायला हवं. आबा कोल्हापूरकडच्या एका साखर कारखान्यात पस्तीस वर्षं बॉयलरवर होते. बगॅसची, म्हणजे उसाच्या चिपाडाची भट्टी. तिकडे गळीत हंगाम सुरू होण्याआधी बॉयलरचं अग्निप्रदीपन होतं. संचालक, भटजी, नारळ, सत्यनारायण, पेढे, सगळं यथासांग. पण पहिला पेटता बोळा भट्टीत टाकण्याआधी संचालक आबांकडे बघायचे, आबा मान हलवायचे, मगच. त्या एका मान हलवण्यावर आबा वर्षभर ताठ चालायचे.

मी इंजिनिअर झालो, सिंगापूरला आलो, एकामागून एक बॉयलर बसवले. सगळे डिझेलवरचे नाहीतर गॅसवरचे. आबांनी फोनवर एकदा व्हिडिओ बघितला आणि म्हणाले, "बटण दाबून पेटतोय त्यो बॉयलर न्हवं लेका, स्टो हाय स्टो. तू परदेशात जाऊन स्टो रिपेर करतुयास." हे ते पाहुण्यांसमोरही सांगायचे. पाहुणे हसायचे, मीही हसायचो. म्हणून लाकडाचा बॉयलर मिळाला तेव्हा पहिला फोन आबांना केला. ते म्हणाले, "दसऱ्याला पेटीव. मला दाव."

आबांचा हात मला ठाऊक होता. दहा वर्षांचा असताना डबा द्यायला गेलो होतो आणि भट्टीच्या दारासमोर उभा राहून आत बघत होतो. आबांनी मागून येऊन कानाखाली अशी मारली की मी फरशीवर जाऊन पडलो. कानातून रक्त आलं. आजही त्या कानाने कमी ऐकू येतं. मला एका हाताने उचलून त्यांनी दाराच्या बाजूला भिंतीला टेकवलं. म्हणाले, "भट्टीच्या तोंडाम्होरं कवाबी उभं ऱ्हायाचं न्हाई. बाजूला. आकडीनं दार बोटभर उघडायचं, तिला श्वास घेऊ द्यायचा, मग पुरं." मग मला बर्फाचा गोळा घेऊन दिला, कानाला लावायला आणि खायलाही. तेव्हापासून मी कुठल्याही भट्टीच्या तोंडासमोर उभा राहिलेलो नाही. ते माझ्या अंगातच बसलंय.

दसऱ्याला बॉयलर तयार नव्हता. त्याची स्वतःची चिमणी जहाजावर अडकली होती, तपासणीचा माणूस पुढच्या आठवड्यात यायचा होता. तेव्हा मी ठरवलं की पेटवायचा तर नावापुरता, तासभर, चार पॅलेटवर. धूर जाण्यासाठी नव्या बॉयलरचा धुराचा पाइप तात्पुरता जुन्याच्या चिमणीला जोडला. कागदावर हे कुठेही नव्हतं. जुना बंद ठेवला की झालं, असा माझा हिशोब.

एका चिमणीवर दोन बॉयलर का चालत नाहीत ते सोपं आहे. डिझेलच्या बर्नरला पंखा असतो, तो जोरात फुंकतो. लाकडाची आग चिमणीच्या ओढीवर जगते. दोन्ही एकदम चालू झाले तर डिझेलचा धूर जोराने चिमणीत घुसतो आणि लाकडाच्या धुराला वाट उरत नाही. तो मागे फिरतो. ज्वाला दबते, पण आग मरत नाही; आत धुमसत राहते आणि भट्टी न जळलेल्या वायूने भरते. अशा वेळी दार उघडलं की बाहेरची हवा आत जाते आणि सगळं एकदम पेटतं. डिझेलचा बॉयलर बटणाने विझतो. लाकूड विझवायला बटण नसतं. हे मला त्या दिवशीही माहीत होतं.

सकाळी साडेआठला नारळ फोडला, कापूर लावला. नव्या लोखंडाला झेंडूचं तोरण होतं, ते लिटल इंडियातल्या टेक्का मार्केटमधून आदल्या दिवशी आणलं होतं. फोन शिडीला बांधला, व्हिडिओवर आबा. धुवट सदरा, टोपी घालून बसलेले. दोन हेल्पर बाहेर पॅलेट फोडत होते. खोलीत आम्ही दोघंच, तो आणि मी. त्याने माझ्या सांगण्यावरून पेटता बोळा आत टाकला, दार लावलं आणि हात जोडले, आमच्या देवाला.

"पेटला काय?" आबा.

"पेटला, आबा."

तेवढ्यात लाँड्रीच्या मॅनेजरबाई आल्या. पन्नाशीच्या, चिनी, तोंडाच्या फटकळ. जुना बॉयलर बंद केल्याने पाइपातला दाब उतरत होता आणि आत इस्त्रीची यंत्रं थंड पडत होती.

"प्रेयर फिनिश ऑर नॉट? माय बेडशीट ऑल स्टिल वेट!"

"टेन मिनिट्स, मॅडम."

"जस्ट नाऊ ऑल्सो यू से टेन मिनिट्स! युवर गॉड सो स्लो, इज इट?"

आबा फोनमधून विचारत होते, "कोन बाई हाय ती? का वरडतीया?" बाईंना गप्प करायला मी जुन्या बॉयलरचा खटका 'ऑटो'वर फिरवला. दाब एका ठरावीक आकड्याच्या खाली गेला की तो आपोआप पेटतो. तो आकडा यायला दहा मिनिटं लागतील असं मला वाटलं. बाई गेल्या आणि मी खटका विसरलो. मला आबांना प्रेशर गेज दाखवायचा होता, पाण्याची काच दाखवायची होती, त्याने केलेलं वेल्डिंग माझं म्हणून दाखवायचं होतं.

बर्नर सुरू झाला तो आवाज मी ऐकला. सतरा वर्षं ऐकलेला आवाज. ऐकला आणि बोलत राहिलो. नव्या बॉयलरच्या दाराच्या फटीतून धूर यायला लागला, आधी पांढरा, मग पिवळट.

"जाळ कुठं हाय रं?" आबा म्हणाले. "नुस्ता धूर दिसतोय. जाळ दाव की."

मी त्याला म्हणालो, "दरवाजा खोल."

तो आकडी घेऊन दारासमोर उभा होता, पण हलला नाही. "बॉस, धुआँ उल्टा आता है. थोड़ा रुको ना. कुछ गड़बड़ है."

"खोल बोला ना. मेरा बाप देख रहा है."

"बॉस, दो मिनट. पुराना वाला चालू हो गया क्या?"

तो बरोबर होता. त्याने खटक्याकडे मान वळवली, आणि तेव्हा मी पाना मारला. हेल्मेटवर, मागून. वर म्हणालो, "इंजिनिअर तू आहेस की मी?" मराठीतच म्हणालो. संताप मराठीतच येतो.

आणि यानंतर जे केलं ते पान्याहून वाईट आहे. मी बाजूला झालो. एक पाऊल, भिंतीकडे, बिजागरीच्या बाजूला. विचार करून नाही. पाय आपोआप गेले. त्याला मात्र म्हणालो नाही की तूही बाजूला हो.

त्याने दार ओढलं.

आवाज मोठा नव्हता. 'धप्' असा, ओली गादी जमिनीवर टाकावी तसा. दारातून केशरी लोळ निघाला आणि खोलीच्या पलीकडच्या भिंतीपर्यंत गेला. तो त्या लोळाच्या आत होता. मग बाहेर पडला, मागे उडून, पाठीवर. तोरण जळून खाली आलं. त्याचे केस पेटले होते. तो ओरडत नव्हता, तोंड उघडं होतं पण आवाज नव्हता. त्याने तोंडावर हात दाबले आणि काढले तेव्हा हाताची कातडी मोज्यासारखी मनगटापर्यंत सरकली.

मी आधी त्याच्याकडे धावलो नाही. आधी खटक्याकडे धावलो आणि 'ऑटो'वरून 'बंद'वर फिरवला. सुरक्षेसाठी, असं मी स्वतःला खूप दिवस सांगितलं.

फोन जमिनीवर पडला होता, चालूच. त्यातून आबा किंचाळत होते, "पानी वत! आरं पानी वत त्याच्यावर! कुठं मेलास?" तेव्हा मी होसपाइप घेतला. पाणी अंगावर पडलं तेव्हा त्याचा आवाज फुटला. तो आवाज मी लिहू शकत नाही.

दुपारी लाँड्रीच्या कँटीनमध्ये चौकशीचा अधिकारी माझ्यासमोर बसला. त्याने सरळ विचारलं: दार उघडायला तुम्ही सांगितलं का? मी "नो" म्हणालो. तो विचारतच गेला आणि मी सांगतच गेलो: मी पलीकडे गेज बघत होतो, त्याने परस्पर उघडलं, जुना बॉयलर बंद होता. हेल्परांनी काहीच बघितलं नव्हतं. आमच्या कंपनीच्या मालकाने बाहेर माझ्या पाठीवर थाप मारली. म्हणाला, जबाब असाच राहिला तर प्रकरण एका कामगाराच्या बेशिस्तीचं होईल. तो बरा झाला की परमिट रद्द, परत घरी, आणि पुन्हा या देशात काम नाही. उजवा डोळा राहील की जाईल ते डॉक्टर सांगत नव्हते. एक डोळा गेलेला आणि नियम मोडल्याचा शिक्का असलेला फिटर कुठे काम करेल? हे मला कळत होतं. तरी मी सही केली.

बेडोकच्या घरी बायकोने मला दारातच धरलं, तोंड, हात, गळा चाचपून बघितला. "अहो, तुमची तर भुवईसुद्धा जळली नाही. देवाची कृपा." देवापुढे दिवा लावला. मी बाथरूममध्ये जाऊन आरशावर डोकं आपटलं. काच तडकली. तिला सांगितलं, पाय घसरला.

चार दिवस आबांचा फोन आला नाही. पाचव्या दिवशी मीच केला. व्हिडिओ त्यांनी घेतला नाही, नुसता आवाज.

"कसा हाय त्यो?"

"हातांचं ऑपरेशन झालं. डोळ्यांवर पट्टी आहे."

"जबाब दिलास?"

"दिला."

"काय दिलास?"

मी सांगितलं. मग ते म्हणाले, "मी बगिटलंय. तुझा पाना बगिटलाय, तू बोललास त्ये ऐकलंय. हितं असतास तर तोंड फोडलं असतं तुजं."

"आबा, नोकरी जाईल. कदाचित तुरुंग पण..."

"तू बाजूला झालास." ते मध्येच म्हणाले. "मी शिकवल्यालं तुला बराबर ध्यानात हुतं. मग त्याला का न्हाई सांगितलंस?"

"मी जाळ मागितला," ते म्हणाले, आवाज एकदम म्हातारा झाला होता. "माजंबी हाय त्यात. पन पाना मी न्हवता मारला." आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी हॉस्पिटलात गेलो. तो बसता झाला होता. दोन्ही हात पांढऱ्या बोचक्यांसारखे गुंडाळलेले, डाव्या डोळ्याची पट्टी काढलेली, उजव्याची तशीच. चेहऱ्याची कातडी ठिकठिकाणी गुलाबी आणि ओली. अंगाखालच्या चादरीच्या कोपऱ्यावर निळी धाग्याची खूण होती. ती त्याच लाँड्रीची होती, आम्ही महिनाभर त्या खुणेच्या ट्रॉल्या बाजूला ढकलत होतो. शेजारी त्याचा मेहुणा बसला होता, जहाजाच्या यार्डात काम करणारा, जाड मानेचा.

मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. खटका, चिमणी, जबाब. मेहुण्याला हिंदी समजत होतं. माझं शेवटचं वाक्य पुरं व्हायच्या आत त्याची मूठ माझ्या तोंडावर बसली. पुढचा दात जिभेवर आला. दुसरी मूठ पोटात, मग मी खाली आणि त्याचा बूट बरगडीत. शेजारच्या पलंगावरचा म्हातारा ओरडायला लागला. मी हात वर केले नाहीत. हे मोठेपणाने लिहीत नाही. मारामुळे मला बरं वाटत होतं, आणि तेही चुकीचंच होतं, कारण मी मार खाल्ल्याने त्याचा डोळा परत येणार नव्हता.

"छोड़ दो," पलंगावरून तो म्हणाला. मेहुणा थांबला. तो मला म्हणाला, "बॉस, मुझे सब मालूम है. खटका भी देखा था मैंने. ये मालूम नहीं था कि आप बोलोगे."

मी पलंगाचा दांडा धरून उभा राहिलो. म्हणालो, आता इथून थेट चौकशीच्या ऑफिसात जातो, जबाब बदलतो.

"एक बात लिखोगे?"

"बोल."

"आप लोग समझते हो हेल्मेट के ऊपर मारो तो लगता नहीं. लगता है. छह साल लगा है."

सहा वर्षं. मला एकच फटका आठवत होता.

ऑफिसात दुसरी अधिकारी होती, तरुण मुलगी. माझं सुजलेलं तोंड बघून तिने आधी विचारलं, कोणी मारलं? मी सांगितलं, जिन्यावरून पडलो. त्या जबाबात तेवढं एकच खोटं आहे. बाकीचं तिने लिहून घेतलं: नारळ, व्हिडिओ, 'ऑटो', चिमणीचा जोड, पाना. "हाऊ मेनी टाइम्स डिड यू हिट हिम?" तिने विचारलं. मी म्हणालो, त्या दिवशी एकदा. त्याआधी किती ते मला माहीत नाही, त्याला विचारा, त्याच्याकडे खरा आकडा असेल. तिने मान वर करून बघितलं आणि तेही लिहिलं.

पासपोर्ट तिथेच ठेवून घेतला. नोकरी त्याच संध्याकाळी गेली. खटला अजून चालू आहे. त्याच्यावरचा ठपका पुसला गेला; उपचार पुरे होईपर्यंत तो इथेच राहणार आहे आणि नंतर दुसरीकडे काम शोधायची त्याला मुभा आहे. उजव्या डोळ्याने उजेड आणि सावली कळते, चेहरे कळत नाहीत. वेल्डिंग आता नाही.

ऑफिसातून बाहेर पडल्यावर फुटपाथच्या कठड्यावर बसून मी आबांना फोन केला. तोंडात कापूस होता, बोलणं नीट येत नव्हतं.

"सांगितलं, आबा. सगळं."

"पाना?"

"हो."

"तू कुठं उभा हुतास त्ये?"

त्या अधिकारी मुलीने माझ्याकडून खोलीचा नकाशा काढून घेतला होता. भट्टीचं दार, त्याच्यासमोर एक फुली, आणि बाजूला, बिजागरीकडे, दुसरी. दुसरी फुली मी स्वतःच्या हाताने काढली होती.

"तेही सांगितलं," मी म्हणालो.

"हां," आबा म्हणाले. या वेळी त्यांनी फोन ठेवला नाही.